‘अडचण आली तर’ या ओळीसमोरचं नाव

भाईदासभाऊ,

तुम्ही गेलात, दिवस झाले, तुमची गंधमुक्ती होऊनही आज आठवडा झाला. तुमच्याच नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी तुमचं कार्ड वाचनालयाच्या कॉम्प्युटरमधून निघायला हवं होतं. ते परवापर्यंत तिथेच होतं. उशीर माझ्याकडून झाला. तो का झाला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं दुसरं काही वाचून होणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

रोज साडेनऊला मी वाचनालय उघडते. पंखा लावते, वर्तमानपत्रं टेबलावर मांडते, मग कोपऱ्यातला कॉम्प्युटर सुरू करते. पडद्यावर सगळ्यांची नावं येतात. ज्याला बसायचं त्यानं आपल्या नावावर टिचकी मारायची. आत गेलं की उजव्या हाताला तुमची ती पट्टी, ‘आपली माणसं’. आणि कुणाच्याही नावानं आत गेलं तरी पट्टीच्या डोक्यावर एकच ओळ असायची: ‘अडचण आली तर: भाईदास पाटील’, आणि पुढे तुमचा नंबर. तुम्ही गेल्यापासून परवापर्यंत मी त्या ओळीकडे बघून मान खाली घालत होते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. साड्यांच्या पार्सलच्या गोणपाटात गुंडाळलेला कॉम्प्युटर खांद्यावर घेऊन तुम्ही तीन जिने चढून आलात. तो टेबलावर ठेवलात, घाम पुसलात आणि म्हणालात, "जयभीम, बाई." मी म्हणाले, "राम राम, भाऊ." तेव्हापासून आठ वर्षं आपण एकमेकांना एकमेकांचाच नमस्कार घालत आलो. मी शाळेतून निवृत्त होऊन नुकतीच या वाचनालयाचं काम बघू लागले होते, आणि तुम्ही सुरतेबाहेर पलसाण्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात शेड जुळवायच्या विभागात होतात. तिथे नवे कॉम्प्युटर आले, जुने टाकून द्यायचे ठरले, त्यातला एक तुम्ही मागून घेतलात.

मी तुम्हाला स्पष्टच सांगितलं होतं, "इथे लोक वाचायला येतात."

"वाचायलाच आणलाय," तुम्ही म्हणालात.

मला तेव्हा तुमचं बोलणं उद्धट वाटलं होतं. महिनाभरात मत बदललं. सुटीच्या दिवशी तुम्ही सकाळी यायचात ते दिवेलागणीला उठायचात. फुकट मिळणारी कुठली तरी प्रणाली त्यात घातलीत आणि प्रत्येकाला वेगळं खातं करून द्यायला सुरुवात केलीत. खातं म्हणजे काय, हे कुणाला कळेना. तुम्ही एका वाक्यात समजावलंत: "एकच चाळ आहे, पण खोली ज्याची त्याला आणि कुलूप ज्याचं त्याला." मग कुणी तरी विचारलं, आणि ही बाजूची पट्टी काय? "तो ओटा," तुम्ही म्हणालात. "सगळ्यांचा. तिथे बसलं की कोण कुठे राहतं ते कळतं."

इतर ठिकाणी असे कॉम्प्युटर मी पाहिले आहेत. माणूस येतो, बसतो, उठतो, त्याची काही खूण राहत नाही. तुम्हाला ते मंजूर नव्हतं. खातं उघडताना माणूस जे नाव, गाव, फोन सांगेल, त्याचं एक कार्ड व्हायचं, आणि ते कार्ड कॉम्प्युटरमध्ये सगळीकडे जाऊन बसायचं. पत्र लिहायला घ्या, खाली त्याचं नाव-पत्ता आधीच आलेला. कुणाला काही पाठवायचं, तर पट्टीतलं नाव निवडलं की झालं. मी विचारलं होतं, एवढा खटाटोप कशाला. तुम्ही पेचकस खाली ठेवून म्हणालात, "बाई, आपला माणूस आयुष्यभर नाव-गाव सांगत फिरतो. कारखान्याच्या गेटवर सांगतो, रेशनला सांगतो, दवाखान्यात तीन खिडक्यांवर तीनदा सांगतो. एका जागी तरी एकदा सांगून पुरे होऊ दे."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दगाआबांचं खातं उघडलंत तेव्हा मी शेजारीच बसले होते. चाळीस वर्षं लूम चालवलेला म्हातारा, रोज पहिलं वर्तमानपत्र त्यांचं. तुम्ही त्यांचं कार्ड भरलंत, मग एक कोरं पत्र उघडलंत. खाली त्यांचं नाव आपोआप आलं. आबा चष्मा सावरून बघत राहिले.

"हाई तं मी शे," ते म्हणाले.

"तुम्हीच आहात."

"मंग परत सांगनं पडाव नही का?"

"नही पडाव, आबा. आते त्याले माहीत शे."

आबांनी पत्र लिहिलं नाही. लिहायचंच नव्हतं त्यांना काही. पण दुसऱ्या दिवशी आणखी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले, आणि त्यांना फक्त तेवढंच दाखवलं.

लोक वाढत गेले. आपल्या गोडादऱ्यातले, पर्वत पाटियाकडच्या बाजारात काम करणारे, ज्यांना ज्यांना तुम्ही पकडून आणलंत ते. सुनील पाटीलच सात झाले. कॉम्प्युटर एका नावाची दोन खाती घेईना, तेव्हा तुम्ही प्रत्येकाच्या नावापुढे गाव जोडलंत. मग सगळे एकमेकांना तसंच बोलावू लागले. "ओ शिंदखेडा, उठा आता, पारोळ्याला बसायचंय," असं ऐकलं की मला हसू येई. वाचनालयात हसायचं नाही हा नियम मीच केलेला, म्हणून मी पुस्तक तोंडासमोर धरायची.

आणि मग मनीषाचं झालं.

ते तुम्ही कधी विसरला नाहीत, म्हणून मीही इथे गाळत नाही. मनीषा समोरच्या गल्लीतली. आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची, वडील लूमवर. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिनं एका इस्पितळाला अर्ज केला, तो आपल्या कॉम्प्युटरवर. अर्जाच्या खाली पत्ता आपोआप आला. खातं उघडताना तुम्ही तिला "पत्ता?" विचारलं होतं, आणि तिनं जे सगळे सांगतात तेच सांगितलं होतं: मुक्काम पोस्ट गावाचं नाव, तालुका पारोळा. ती जन्मली सुरतेत, वाढली सुरतेत, गावाला जायची ती वर्षातून एकदा, आखाजीच्या सणाला. तरी पत्ता म्हटलं की गावच. तुम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तुमच्याही कार्डावर गावच होतं. तिचा अर्ज मी तपासला होता. दोन शब्द दुरुस्त केले. पत्त्यावरून माझी नजर सरळ पुढे गेली, कारण माझ्या स्वतःच्या कार्डावर तेव्हा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरचा पत्ता होता, आणि वडील निवृत्त होऊन ते क्वार्टर आम्ही सोडलं त्याला जमाना झाला होता.

इस्पितळानं मुलाखतीचं पत्र गावाला पाठवलं. फोनही केला म्हणे, पण कार्डावरचा नंबर तिच्या वडिलांचा, आणि त्यांनी सिमकार्ड बदललेलं. गावातल्या काकांनी पत्र जपून देव्हाऱ्यात ठेवलं. पोरीचा महत्त्वाचा कागद आहे, आखाजीला आली की हातात देऊ, हरवायला नको. आखाजीला तिच्या हातात पत्र पडलं तेव्हा मुलाखत होऊन महिना झाला होता.

ती गावाहून आली ती थेट वाचनालयात. पत्र तुमच्यासमोर ठेवलं. रडली नाही. "भाऊ, पत्ता बरोबरच होता," ती म्हणाली. "मीच सांगितलेला."

तुम्ही पाकीट उलटसुलट केलंत. "पत्ता बरोबर आहे, मनीषा. पोरगी तिथे नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तुम्ही तिला घेऊन इस्पितळात गेलात. मीही आले होते. खिडकीतल्या माणसाला तुम्ही चूक स्वतःवर घेत गुजरातीत सांगितलंत, "भूल मारी छे, छोकरीनी नथी."

त्यानं विचारलं, "तमे कोण? बाप?"

"ना. कॉम्प्युटरवाळो."

तो हसला. तुम्ही हसला नाहीत, तेव्हा त्यानंही हसणं आवरलं. पण त्याच्या हातात काही नव्हतं. "आवता वरसे आवजो," म्हणाला, पुढल्या वर्षी या. परतीच्या रिक्षात तुमच्या खिशातलं ते पाकीट तुम्ही तिला परत देईपर्यंत गोडादरा आलं.

माणूस चूक झाल्यावर काय करतो, यावरून मी माणूस ओळखते. शाळेत पस्तीस वर्षं तेच केलं. तुम्ही पुढचे दोन महिने प्रत्येक सुटीला येऊन सगळी कार्डं मोडून परत बांधलीत. पत्त्याचे दोन भाग केलेत. आधी ‘हल्ली मुक्काम’, मग ‘गाव’. पत्राच्या खाली जाईल ते हल्ली मुक्कामच. शिंदखेड्याच्या सुनीलनं टोमणा मारला, "तीस वर्षं झाली भाऊ, हल्ली काय हल्ली?"

"गाव सोडल्यापासून सगळं हल्लीच असतं," तुम्ही म्हणालात.

प्रत्येक कार्डावर भरायचं आणखी एक घर आलं: अडचण आली तर कुणाला कळवायचं. आणि दर तीन महिन्यांनी, खातं उघडताक्षणी, पडद्यावर ज्याचं त्याचं कार्ड येऊन उभं राहू लागलं: हे अजून खरं आहे का? हो म्हणा, नाही तर दुरुस्त करा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लोक वैतागले. "इतकं तं बायकोबी विचारत नही," सुनील म्हणाला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एक अक्षर बदललं नाहीत.

मनीषाला पुढल्या वर्षी प्रवेश मिळाला. आज ती नर्स आहे, चांगली नर्स आहे. पण तुमच्या बोलण्यात ‘एक वर्ष’ हे शब्द आले की ते कुठलं वर्ष, हे मला विचारावं लागलं नाही.

आपलं भांडण झालं ते दगाआबांवरून. आबा गेले, आणि त्यांच्या गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी यादीत त्यांचं नाव नव्हतं. मी तुमची वाट बघत बसले. तुम्ही जिना चढून आलात तसं मी विचारलं.

"नाव तरी ठेवायचं होतं."

"कशासाठी?"

"होते म्हणून."

"होते, त्यासाठी भिंत आहे. फोटो लावा, मी खिळा ठोकतो. ही यादी हाक मारायची आहे, बाई. हाक मारली आणि ओ आली नाही, तर माणूस पुन्हा हाक मारत नाही. त्याला नाही आणि दुसऱ्यालाही नाही."

मग तुम्ही कारखान्यातली गोष्ट सांगितलीत. प्रत्येक रंगाचं एक शेडकार्ड असतं, वर कापडाचा तुकडा, खाली रंगाचं माप. बंद झालेल्या रंगाचं कार्ड फळीवर राहिलं, तर पुढच्या पाळीचा माणूस तेच उचलतो आणि तागेच्या तागे चुकीचे रंगतात. जुनं कार्ड त्याच दिवशी फळीवरून काढायचं, हा तुमच्या विभागाचा पहिला धडा.

मी म्हणाले, "कापड आणि माणूस तुम्हाला सारखेच?"

"मॅडम," तुम्ही म्हणालात. रागावलात की तुम्ही मला मॅडम म्हणायचात. "एक वर्ष गेलं त्या पोरीचं. जुन्या नंबरानं."

आठवडाभर आपण बोललो नाही. जयभीम नाही, राम राम नाही. मग एका सकाळी तुम्ही हातोडी आणि खिळा घेऊन आलात, आबांचा फोटो टांगलात, तो सरळ आहे का हे मला खुणेनं विचारलंत, आणि मी खुणेनं हो म्हटलं. आपलं भांडण असं मिटलं. पण संपलं नव्हतं. फार नंतर मला शिंदखेड्याच्या सुनीलकडून कळलं की आबांचं नाव काढण्याआधी तुम्ही त्यांच्या नंबरावर एकदा फोन केला होता. कुणाचंही कार्ड काढताना करायचात. तिथे अजून कुणी ओ देणारं आहे का, हे बघितल्याशिवाय तुम्ही कुणाला काढलं नाहीत. हे तुम्ही त्या दिवशी मला सांगितलं असतंत, तर मी ते कापडा-माणसाचं बोलले नसते.

आता माझ्याकडचं एक सांगायचं राहिलं आहे.

माझा फोन टेबलाच्या खणात असतो, आवाज बंद करून. "बाईंना फोन लावण्यापेक्षा तीन जिने चढणं सोपं," असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात, आणि मला त्यात थोडा अभिमानही वाटायचा. तुम्ही गेलात त्या दुपारी पलसाण्याहून तुमच्या सोबत्यांनी मला चार वेळा फोन केला. तुमच्या ओळखपत्राच्या मागे तुमच्याच अक्षरात माझा नंबर होता. सुमनवहिनींकडे तेव्हा फोन नव्हता, आणि वाचनालय तुमच्या घरापासून दोन मिनिटांवर. मी त्या वेळी वाचत बसले होते. तासाभरानं मनीषा धावत वर आली तेव्हा मी खण उघडला. मी पहिल्या फोनला उचलून वहिनींना घेऊन निघाले असते, तरी तुम्ही भेटला नसतात, असं डॉक्टर म्हणाले. मनीषानंही तेच सांगितलं. मला ते पटतं. पण वहिनींना तो तास मिळायला हवा होता.

वहिनी मला यावर काही बोलल्या नाहीत. गंधमुक्तीच्या दिवशी बायकांतून उठून माझ्याजवळ आल्या, आणि बोलल्या त्या वेगळंच. "बाई, त्यास्ना नंबर काढू नका." तुमचा फोन आता त्यांच्या कमरेला पिशवीत असतो. "वाजस तं घरमा माणूस शे असं वाटस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दोन दिवसांनी मनीषा ड्यूटीवरून परस्पर वर आली. पट्टी बघितली. "बाई, कार्ड काढलं नाही?"

"वहिनी नको म्हणतात."

"मला कळतं. पण भाऊंनी कुणाचं ठेवलं नसतं. उद्या कुणी खरंच अडचणीत असेल आणि हा नंबर लावेल, तर वहिनी काय सांगणार? रडणार."

"थोडे दिवस जाऊ देत."

"माझ्या पत्राला पण थोडेच दिवस झाले होते, बाई." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमच्यानं होत नसेल तर मला पासवर्ड द्या."

पासवर्ड मी दिला नाही. तो तुम्ही मला देताना म्हणाला होतात, "तुम्ही बोलत नाही, म्हणून तुमच्याकडे." तेव्हा ती थट्टा होती. आता मला कळेना की मी राखण करते आहे की नुसती बसून आहे. एकीकडे तुमचा नियम, आणि तो मागायचा जिला सगळ्यात जास्त हक्क ती मुलगी. दुसरीकडे तुमची बायको, जिच्या घरात आवाज म्हणून तेवढाच उरला आहे. आणि मधे मी, जिनं आबांच्या वेळी नाव ठेवा म्हणून तुमच्याशी अबोला धरला होता. मला तर आनंद व्हायला हवा होता की तुमचं नाव तिथे आहे. होत नव्हता. कुणी कॉम्प्युटरवर बसलं आणि नजर वर गेली, की मला वाटायचं, आता हा फोन लावणार, आणि पलीकडे काय होणार?

शेवटी मी तुमच्या पद्धतीनं जायचं ठरवलं. काढण्याआधी एकदा फोन. खणातून फोन काढला, नंबर लावला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

"हां, बोला."

मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. माझी शांतता ऐकून वहिनींना वाटलं असावं, कुणी बुजरा माणूस आहे.

"कॉम्प्युटर बंद पडना का? घाबरू नका. खालेनं बटन दाबी धरा. धा मोजा. मंग सोडा."

"वहिनी, मी आहे. बाई."

"तुमी?" त्या थांबल्या. "तुमी फोन करा?"

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं. "कोन शिकाडी? आठ वरीस कानवर पडेल शे. जेवता जेवता तेच, निजता निजता तेच. धा मोजा, धा मोजा." मग त्यांनी मला या दिवसांतले फोन सांगितले. दोघांना त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरचं बटण दाबायला सांगितलं, एकाचा कॉम्प्युटर सुरू झाला, दुसऱ्याचा नाही. त्याला म्हणाल्या, बाईंकडे जा, त्या वाचत असतील तरी हाक मार. एका बाईला रक्त हवं होतं, तिला मनीषाचा नंबर दिला. एकाला कुठलासा कागद वाचून हवा होता, त्याला सकाळी दहाला वाचनालयात यायला सांगितलं. तो आला होता, आणि कुणी पाठवलं हे मी त्याला विचारलंही नव्हतं. ज्यांना तुमचं माहीत नव्हतं त्यांना आधी ते सांगितलं, आणि मग विचारलं, तुमचं काम काय होतं?

भाऊ, मी फोन हातात घेऊन तुमच्या यादीवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. दोनशेच्या वर नावं. तुमच्या कारखान्यातले, माझे जुने विद्यार्थी, सातही सुनील पाटील. त्यात सुमन नव्हती. कार्ड खात्याबरोबर व्हायचं, आणि खातं उघडायला तुमची बायको कधी तीन जिने चढून आली नाही, कारण तिला कुणी ये म्हटलं नाही. तुम्ही नाही, मीही नाही. एवढ्या माणसांची दखल घेणाऱ्या माणसाच्या हातून हे राहिलं, याचा मला त्या क्षणी राग आला. तुम्ही असतात तर मॅडम म्हणवून घेण्याइतकी बोलले असते. आणि तुम्ही चार दिवस गप्प राहून पाचव्या दिवशी काही तरी दुरुस्त करून आणलं असतंत, हेही मला माहीत आहे. ते आता मीच करायचं होतं.

"वहिनी," मी म्हणाले, "उद्या दुपारी वर याल?"

त्या आल्या. प्रत्येक जिन्यावर थांबत आल्या. मी त्यांना तुमच्या खुर्चीत बसवलं. नावांच्या यादीत तुमच्या नावापुढे एक छोटा फोटो होता, कारखान्याच्या निळ्या कोटातला. तो त्यांनी पाहिलेला नव्हता. जवळ वाकून म्हणाल्या, "कोट मोठा शे त्यास्ले."

मी त्यांना सगळं सांगितलं. नियम काय होता, का होता, मनीषा काय म्हणते. नंबर राहील, पण तो ज्याच्या हातात आहे त्याच्या नावानं राहील. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हनजे मन्हा नावनं लोक फोन करतीन?"

"हो."

"आनि त्यास्नं नाव?"

"ते भिंतीवर." माझ्या तोंडून तुमचंच उत्तर आलं. मला ते आवडलं नाही, पण दुसरं नव्हतं.

वहिनी मग पदर सारखा करून बसल्या, जसं कुणी फोटोला बसतं. "लिखा."

नाव लिहिलं. हल्ली मुक्काम लिहिला. गाव विचारलं, तर म्हणाल्या, "सासरनं का माहेरनं?" मी म्हणाले, तुम्ही सांगाल ते. त्यांनी शिरपूर तालुक्यातल्या एका लहानशा गावाचं नाव सांगितलं. आठ वर्षांत ते मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. फोन विचारला तेव्हा तुमचा नंबर त्यांनी एकेक आकडा सुटा करून सांगितला. मी तो पाठ असूनही त्यांच्या मागोमाग लिहिला.

शेवटचं घर राहिलं. अडचण आली तर कुणाला कळवायचं.

"आते त्यास्नं लिखता येवाव नही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मंग कोरं राहू द्या. चुकीचं लिखापेक्षा कोरं बरं."

मी मग विचारलं, "माझं लिहू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारचे चार फोन आम्हा दोघींनाही माहीत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, भाजी घेताना बाई विचारते तसं त्यांनी सरळ विचारलं, "बाई, तुमी फोन उचलतस का?"

"उचलेन."

"मंग लिखा."

ते लिहून झालं, मग मी तुमचं कार्ड काढलं. वहिनींनी मान वळवली नाही. पट्टीच्या डोक्यावरची ओळ क्षणभर कोरी झाली आणि मी तिथे ‘सुमन पाटील’ निवडलं. संध्याकाळी मी मनीषाला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, "नंबर तोच?"

"नंबर तोच. माणूस तिथे आहे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं, जे तिला पत्राच्या वेळी आलं नव्हतं.

आबांच्या वेळी तुमचं बरोबर होतं की माझं, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुमच्याशी हुज्जत घालायला काही तरी राहू दे. बाकीचं जे कधी बोलले नाही ते एवढंच, की मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आणि माणसांना त्यांच्या जागी शोधायला शिकले ते तुमच्याकडून.

माझा फोन आता टेबलावर असतो, आवाज चालू करून. काल दुपारी वाजला. वहिनी होत्या. मी घाबरून विचारलं, काय झालं. काही झालं नव्हतं. मी उचलते का, ते त्या बघत होत्या.